हरवले-सापडले विभागाला वाचा फुटते

सापडेभाऊंचं खरं आडनाव सापडे नव्हतं. ते काय होतं हे पगारपत्रकाला आणि घराच्या दारावरच्या पाटीला माहीत होतं. बाकी जगाने ते केव्हाच सोडून दिलं होतं. शहर बससेवेच्या हरवले-सापडले विभागात सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? बसमध्ये लोक जे जे विसरत ते संध्याकाळी त्यांच्याकडे येई. ते नोंदवहीत नोंद करत, वस्तूवर चिठ्ठी चिकटवत आणि फळीवर ठेवून देत. मग ती वस्तू आणि सापडेभाऊ दोघंही मालकाची वाट पाहत बसत.

खोली आगाराच्या मागच्या अंगाला होती. लांबट, शांत, पश्चिमेला एकच खिडकी असलेली. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन आत शिरे आणि छत्र्यांच्या रांगेवरून बोट फिरवल्यासारखं सरकत जाई. त्या वेळी सापडेभाऊ झोपत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. काम आणि डुलकी यांच्यामधून एक अरुंद पायवाट जाते, तिच्यावरून ते चालत असत एवढंच.

त्या पायवाटेवर एके दिवशी नवे साहेब आडवे आले.

"गेल्या वर्षात किती वस्तू परत गेल्या?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस, साहेब."

"आणि शिल्लक?"

"चारशे बारा."

साहेबांनी फळ्यांवरून नजर फिरवली. एकटे बूट, चष्मे, डबे, एक ट्रंपेट, एक कुबडी, बाटलीत घातलेली एक कवळी. त्यांचं नाक किंचित वर गेलं. "महिनाअखेरीला हे सगळं लिलावात काढू. विभाग भांडारात विलीन. तुम्हालाही तिकडेच टाकू, स्टेशनरीवर."

सापडेभाऊंना स्टेशनरीचा राग नव्हता. पण कोऱ्या कागदांच्या थप्प्यांत उरलेली पाच वर्षं काढायची आणि या वस्तू कुणातरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाताना बघायच्या, हे काही त्यांना मानवेना. "लोकांना कळतच नाही साहेब, की त्यांची वस्तू इथे आहे."

"मग कळवा. तो सर्व्हर आहे ना तुमच्या कोपऱ्यात?"

सर्व्हर होता. तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने तो बसवला तेव्हा ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून याच खोलीत आणून ठेवला होता. त्यावर बससेवेची वेबसाइट चाले. वेबसाइट म्हणजे एका बसचं छायाचित्र.

"त्यावर यादी टाका," साहेब म्हणाले. "पण नुसती नको. लोकांना शोधता आली पाहिजे. लोक आले, तर विभागाचं बघू."

एवढं बोलून साहेब गेले. सापडेभाऊंनी सर्व्हरकडे पाहिलं. सर्व्हर आपला घुं घुं करत होता. वेळ आली की सगळे असंच करतात.

सापडेभाऊंची भाची दूरच्या शहरात संगणकाचं काम करी. तिला त्यांनी फोन लावला.

"मामा, नुसतं पान टाकायचं असतं तर सोपं होतं," ती म्हणाली. "पण कुणी 'छत्री' असं लिहिलं आणि यंत्राने छत्र्या काढून दाखवायच्या, तर सर्व्हरला एक भाषा यावी लागते. तुमच्या सर्व्हरला ती येत नाही."

"मग शिकवू."

"शिकवायची नसते, बसवायची असते. तयार मिळते हो एरवी. पण तुमचं यंत्र इतकं जुनं आहे की त्याच्या मापाची तयार भाषा आता कुणी ठेवत नाही. कापड आणून घरी शिवायला लागेल. त्याला कंपाइल करणं म्हणतात."

कापड तिने पाठवलं. सापडेभाऊंनी पहिली कमांड दिली आणि एन्टर मारला, आणि पुढचा अर्धा तास ते खुर्चीला खिळून राहिले. यंत्र स्वतःलाच प्रश्न विचारत होतं आणि स्वतःच उत्तरं देत होतं. अमुक आहे का? आहे. तमुक आहे का? आहे. ढमुक? नाही, पण चालेल. सापडेभाऊंना वाटलं, हा तर आपलाच माणूस. कागद तपासून घेतोय. सरकारी नोकरीत असता तर पेन्शनीला लागला असता एव्हाना.

आणि मग यंत्र थांबलं. शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की एक लायब्ररी सापडली नाही.

त्या खोलीत सव्वीस वर्षांत हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. सापडेभाऊंचा तसा दंडकच होता. दारात आलेल्या माणसाला "सापडलं नाही" असं म्हणायचं नाही, "अजून आलेलं नाही" असं म्हणायचं. आणि हा कोपऱ्यातला डबा त्यांच्या तोंडावर, लाल अक्षरांत, बेधडक सांगत होता: सापडले नाही.

संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट गॅलरीत काढली. शेजारी मीटरकाका होते. वीजखात्यात पस्तीस वर्षं लोकांची मीटरं वाचून ते निवृत्त झाले होते आणि आता वाचायला मीटर नसल्यामुळे माणसं वाचत.

"लायब्ररी?" मीटरकाका म्हणाले. "तीन आहेत इथे. एकीचा तर मी सभासद आहे. चिठ्ठी देऊ का?"

"तसली नव्हे हो काका."

"तसली नव्हे म्हणजे कसली? लायब्ररी ती लायब्ररी. तुम्ही विचारून तरी या."

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "तुम्ही पहिलीच पायरी चुकलात. आधी गृहीत काय आहे ते लिहा." सापडेभाऊंच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता विचारलं, "अहो, त्या डब्याला भाषा कसली बसवताय? बत्तीस वर्षांत माझ्याशी चार वाक्यं सरळ बोलला नाहीत."

भाचीने ती लायब्ररी, म्हणजे शिलाईला लागणारं आयतं सामान, पाठवली. ती बसवली तर तिला दुसरी हवी होती. बटण आणायला जावं तर दोरा नाही, दोरा आणावा तर सुई नाही, सुई आणावी तर म्हणे भोक मोठं आहे. असे दहा दिवस गेले. रोज एन्टर मारायचा, रोज प्रश्नोत्तरं थोडी पुढे सरकायची, रोज यंत्र नव्या ठिकाणी हात झटकायचं. आगारातले ड्रायव्हर जाता-येता विचारू लागले, "काय भाऊ, सापडली का भाषा?"

दरम्यान भाचीने सांगितल्याप्रमाणे सापडेभाऊ यादीची फाइल टाइप करत होते. एका ओळीत एक वस्तू. "आणि मामा," ती म्हणाली होती, "तुम्हाला स्वतःसाठी काही शेरा लिहायचा असेल तर आधी दोन तिरक्या रेघा ओढा. त्यापुढचं यंत्र वाचतच नाही. पानावरही दिसत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

सापडेभाऊंनी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांनी जे जे लिहिलं ते ते कुणीतरी वाचेल या धास्तीने लिहिलं होतं. कुणीच वाचणार नाही अशा जागी लिहायची मुभा त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी पहिल्या छत्रीपुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि जरा बिचकत लिहिलं: "हिची मूठ कुणीतरी चघळली आहे. बहुधा दात येत होते." मग हात सुटला. डब्यापुढे लिहिलं: "झाकण नाही. झाकण घरी असेल. दोघांना एकमेकांची आठवण येत असावी." कुबडीपुढे: "हा माणूस कुबडीशिवाय उतरलाच कसा? बरा झाला म्हणायचा. अभिनंदन." कवळीपुढे: "घरी काही दिवस शांतता." ऊन सरकत राही, बोटं चालत राहत, आणि कधी एखादी ओळ वस्तूची नसून दुपारचीच असे: "तीन वाजले. काही आलं नाही, काही गेलं नाही. बरं वाटतंय." एकदा दारातून डोकावून साहेब गेले, तेव्हा त्यांनी लिहिलं: "साहेब वस्तूंकडे बघून नाक मुरडतात. यांची छत्री कधी हरवली नसावी. किंवा कधी सापडली नसावी."

अकराव्या दिवशी सगळ्या लायब्ऱ्या जमल्या. यंत्राने सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरं दिली आणि धन्यवाद म्हटलं. आता खरी शिलाई. पण भाचीने सांगितलं की एवढ्या जुन्या यंत्राला त्याला आठ-नऊ तास लागतील. आणि आगाराच्या कचेरीचा पहारेकरी साडेपाचला मुख्य बटण पाडून घरी जाई. म्हणून शुक्रवारी रीतसर अर्ज करून, गेटपास घेऊन, सापडेभाऊंनी सर्व्हर चादरीत गुंडाळला आणि घरी आणला.

रविवारी सकाळी नऊ वाजता तो जेवणाच्या टेबलावर चढला. सापडेभाऊंनी अंघोळ करून, शर्ट घालून एन्टर मारला. आणि ओळी वाहू लागल्या.

खालून वर, खालून वर, अखंड. अक्षरं कळत नव्हती, पण ती कुठेतरी निघाली आहेत हे कळत होतं. सापडेभाऊ हनुवटीखाली हात घेऊन बसले. दहा वाजता मीटरकाका आले. "खालचं मीटर बघून आलो. तुमचं चाक भलतंच पळतंय. काय चाललंय काय?" असं म्हणत त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली. अकराला गणिताच्या बाई आवाजाची तक्रार घेऊन उतरल्या. पंख्याच्या घरघरीने त्यांना वह्या तपासता येत नव्हत्या. तक्रारीचं अर्धं वाक्य झालं, उरलेलं तोंडातच राहिलं, आणि त्याही बसल्या.

मध्येच एक ओळ आली, तिच्यात 'वॉर्निंग' असा शब्द होता. मीटरकाका ताडकन उठले. "धोक्याची सूचना! बंद करा, बंद करा!"

सापडेभाऊंनी घाईघाईने भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, तशा शेकडो येतील. लक्ष देऊ नका."

"धोक्याच्या सूचनेकडे लक्ष द्यायचं नाही?"

"अजिबात नाही."

मीटरकाका ओढलेल्या चेहऱ्याने खाली बसले. "आमच्या खात्यात असं म्हणणारे पेन्शनपर्यंत पोचले नाहीत," एवढंच म्हणाले.

दुपार चढली. जेवणं मांडीवर ताटं घेऊन झाली. वहिनी सकाळपासून रागात होत्या. टेबल गेलं होतं, रविवार गेला होता, शेजाऱ्यांना तीनदा चहा झाला होता. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "थांबत नाही का हे?"

"शिवून झालं की थांबेल."

"कुणासाठी एवढं?"

"ज्यांचं काहीतरी राहून गेलंय त्यांच्यासाठी."

वहिनींनीही एक स्टूल ओढलं. मग चौघं तिथे बसून होती; पडदा वाऱ्याने आत येत होता आणि बाहेर जात होता, ओळी वर चालल्या होत्या, आणि कुणालाच काही सल्ला सुचत नव्हता. त्या इमारतीच्या इतिहासात असा सव्वा तास पूर्वी झाला नसेल. सापडेभाऊंना वाटलं, आपण एका लांब बसमध्ये बसलोय, बस हळू चालली आहे, खिडकीतून अनोळखी गावांच्या पाट्या मागे जातायत, आणि एकाही थांब्यावर आपल्याला उतरायचं नाही.

सापडेभाऊंना जाग आली तेव्हा बाकी तिघंही माना टाकून झोपली होती आणि यंत्र थांबलं होतं. डिस्कवर जागा उरली नव्हती. शोधाशोध केली तेव्हा कळलं की कंत्राटदाराने बसचं ते एकच छायाचित्र चारशे वेळा साठवून ठेवलं होतं. सापडेभाऊंनी तीनशे नव्व्याण्णव बसगाड्या मोडीत काढल्या, पुन्हा एन्टर मारला, आणि दिवेलागणीला यंत्र आपणहून, शांतपणे थांबलं. गणिताच्या बाई जाग्या होऊन म्हणाल्या, "आलं का उत्तर?" वहिनींनी टेबल पुसून घेतलं.

सोमवारी सकाळी सर्व्हर पुन्हा चादरीत गुंडाळून सापडेभाऊ बसमध्ये चढले. खिडकीची जागा मिळाली. गाठोडं पायाशी ठेवलं. डोळे मिटले की ओळी अजून वाहत होत्या. आगाराचा थांबा आला, तसे ते उठले, डबा घेतला, छत्री घेतली, कंडक्टरबाईंना हात केला आणि उतरले. खोली उघडली, छत्री टांगली, डबा खणात ठेवला, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं.

आधी त्यांनी टेबलाखाली पाहिलं. मग दाराबाहेर. मग, का कोण जाणे, खिशात.

बस तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. दिवसभर सापडेभाऊंनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? वैद्याच्या घरी खोकला शिरतो, हे ठीक आहे. पण हरवले-सापडले विभागाच्या प्रमुखाने सरकारी सर्व्हर बसमध्ये विसरावा? संध्याकाळी पावणेपाचला कंडक्टरबाई दोन्ही हातांत गाठोडं धरून दारात आल्या.

"भाऊ, आज जड माल आहे बघा. कुणीतरी येडं चक्क कॉम्प्युटर विसरून गेलंय."

"ठेवा," सापडेभाऊ अत्यंत सरकारी आवाजात म्हणाले आणि त्यांनी नोंदवही उघडली. "क्रमांक चारशे तेरा. चादरीत गुंडाळलेला संगणक, एक. विसरणाऱ्याचं वर्णन?"

"सकाळची फेरी. खिडकीशी बसलेला. टक्कल. तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि उतरताना मला हात…" कंडक्टरबाई थांबल्या. त्यांनी सापडेभाऊंकडे पाहिलं. सापडेभाऊंनी वहीकडे पाहिलं.

"हात केला," त्यांनी वाक्य पूर्ण करून लिहिलं. "सही करा."

वस्तू मिळाली, पण सुटेना. कारण नोंदवहीत चढलेली वस्तू दावेदाराच्या अर्जाशिवाय खोलीतून हलवायची नाही की वापरायची नाही, असा नियम होता. तो सापडेभाऊंनीच अठरा वर्षांपूर्वी सुचवला होता. आणि दुसरा नियम असा की दावेदार आणि वस्तू देणारा अधिकारी एकच माणूस असता कामा नये. तोही त्यांचाच. त्यांनी दावेदाराचा अर्ज भरला, खोलीबाहेर जाऊन तो खिडकीतून आत सरकवला, परत आत येऊन तो घेतला, आणि वरिष्ठांच्या सहीसाठी साहेबांकडे नेला.

साहेबांनी अर्ज वरून खाली वाचला. मग खालून वर. "हरवलेली वस्तू, सर्व्हर. हरवणारा, तुम्ही. सापडवणारा विभाग, तुमचाच."

"हो साहेब."

"ओळख पटवणारी खूण?"

"आत एक भाषा शिवून तयार आहे साहेब. अजून बसवलेली नाही."

साहेबांनी सही केली. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण शाई वाळवायला फुंकर मारली असेल. महिना संपायला अकरा दिवस होते.

संध्याकाळी भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण मामा, घरी कशाला न्यायचा? मधेच बंद पडलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं की." सापडेभाऊंनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

बसवायची शेवटची कमांड दिली तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. परवानगीचा पासवर्ड साहेबांच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात. पाकीट उघडायला समिती. समितीतला एक सदस्य रजेवर. तो गुरुवारी आला. तिघांसमक्ष पाकीट फोडलं, साहेबांनी इतरांकडे पाठ करून पासवर्ड टाइप केला, आणि शुक्रवारी दुपारी भाषा एकदाची बसली. सापडेभाऊंनी फाइल जागेवर ठेवली, पान उघडलं. पडद्यावर ओळखीच्या ओळी आल्या. त्यांनी डोळे भरून पाहिल्या. पान असंच दिसतं, याबद्दल त्यांना शंका यायचं कारण नव्हतं; त्यांनी ते नेहमी असंच तर पाहिलं होतं. साहेबांना कळवलं, पान रात्रीही चालू राहावं म्हणून मुख्य बटण न पाडण्याचा आदेश त्यांच्याकडून पहारेकऱ्याला देववला, वर्तमानपत्राला दोन ओळींचं निवेदन दिलं, खोलीला कुलूप लावलं आणि ते हलक्या पावलांनी घरी गेले.

शनिवारी आगाराच्या कचेरीला सुट्टी. सकाळी मीटरकाका गॅलरीत म्हणाले, "वाचलं तुमचं पान. सुंदर लिहिलंय हो. मधे मधे कंस जरा जास्त झालेत."

सापडेभाऊ खूश झाले. "कंस लागतात त्या भाषेत," म्हणाले.

"ती कवळीची ओळ आमच्या हिला तीनदा वाचून दाखवली."

"कवळीची कुठली ओळ?" असं विचारता विचारता सापडेभाऊंचा आवाज विरघळत गेला, तेवढ्यात आत फोन वाजला. भाची होती.

"मामा! पान उघडं पडलंय!"

"उघडं म्हणजे?"

"भाषा बसली, पण अशी फाइल आली की ती भाषेकडे द्यायची, हे सर्व्हरला सांगायची एक ओळ राहिली. तो फाइल जशीच्या तशी लोकांना वाढतोय. कच्ची!"

"शेरेसुद्धा?"

"शेरेसुद्धा."

खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी गावाला. सोमवारपर्यंत काही करता येणार नव्हतं. सापडेभाऊ पलंगावर आडवे झाले आणि छताकडे पाहत राहिले. छतावरून ओळी वाहत होत्या, आणि या वेळी एकूण एक कळत होत्या. वहिनींनी शेजारी बसून मोबाइलवर पान उघडलं. त्या वाचत गेल्या. एकदा हसल्या. एकदा पदराने नाक पुसलं. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"कुणी वाचणार नाही म्हणून."

"मला वाटायचं तुम्ही तिथे नुसते बसता."

सोमवारी सापडेभाऊ पोचले तेव्हा साहेब त्यांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत बसले होते. दार लोटून घेत म्हणाले, "मी नाक मुरडतो?"

सापडेभाऊ उभेच राहिले. भांडारातल्या कोऱ्या कागदांचा वास त्यांना आताच येऊ लागला. "साहेब, ते यंत्राने वाचायचं नव्हतं."

"यंत्राने नाही वाचलं. माझ्या बायकोने वाचलं." साहेब काही क्षण छत्र्यांकडे बघत राहिले. "हरवली आहे छत्री माझी. दोनदा."

"सापडली?"

"विचारायला गेलोच नाही. वाटलं, कोण ठेवतंय."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो आठवड्यातून एकदा वाजे, तोही चुकून. पलीकडे एक बाई होत्या. "तो बिनझाकणाचा डबा आहे ना, तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. झाकण माझ्याकडे आहे." त्या बाई फोन ठेवतात न ठेवतात तोच दारावर टकटक झाली. बाहेर एक गृहस्थ उभे होते, दोन्ही पायांवर सरळ. "कुबडीचं अभिनंदन माझं होतं," ते जरा लाजून म्हणाले. "कुबडी नकोय. आभार मानायला आलो." त्यांच्यामागे आणखी सहा-सात माणसं होती. साहेबांनी खुर्ची रिकामी केली आणि चाललेला सगळा प्रकार भिंतीला टेकून पाहिला. संध्याकाळपर्यंत एकतीस वस्तू गेल्या.

तरी चूक ती चूक. सापडेभाऊंनी त्याच दिवशी राहिलेली ओळ लिहिली, सर्व्हर बंद करून चालू केला, आणि भाषा कामाला लागली. मंगळवारी पान कसं नीटनेटकं झालं! वर शोधायची चौकट, खाली क्रमांक, वस्तू, तारीख. शेरे गडप. सापडेभाऊंनी 'छत्री' असं लिहिलं आणि अठ्ठ्याऐंशी छत्र्या शिस्तीत उभ्या राहिल्या. एवढ्यासाठी केला होता अट्टाहास. त्यांचे डोळे भरून आले.

मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी फोन आले, पण विचारणा एकच: "ते वाचायचं पान कुठे गेलं?" मीटरकाका तर रुसलेच. "कंस होते तेच बरं होतं," म्हणाले.

गुरुवारी साहेबांचा लेखी आदेश आला. सापडेभाऊंनी तो तीनदा वाचला. विभाग भांडारात विलीन करण्याचा प्रस्ताव तूर्त स्थगित. वस्तूंची ओळख शेऱ्यांतून उघड होऊन खोटे दावे होतील अशी शंका लेखाशाखेने काढली होती, तिच्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "एका पायाचा बूट कोण खोटं बोलून नेणार?" आणि शेवटी: "सबब, सदर भाषा बंद ठेवावी व पान पूर्वीप्रमाणे उघडे करावे. ज्या वस्तूंवर शेरे नाहीत त्यांवर ते विनाविलंब लिहावेत."

सव्वीस दिवस, सात लायब्ऱ्या, एक रविवार, तीनशे नव्व्याण्णव बसगाड्या आणि एका कुटुंबवत्सल माणसाची अब्रू खर्ची घालून बसवलेली ती भाषा सापडेभाऊंनी सरकारी आदेशानुसार त्याच राहून गेलेल्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह टाकून गप्प केली. भाची फोनवर इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

"मामा, वाईट वाटतंय का?"

"नाही गं," ते म्हणाले, आणि थोडं वाटत होतं.

शेऱ्यांविना दोनशेहून जास्त वस्तू राहिल्या होत्या. दोन दिवसांत सापडेभाऊंचं डोकं रिकामं झालं. आता सगळं जग वाचणार म्हटल्यावर बोटं अडखळत होती. शनिवारी त्यांनी खास परवानगी काढून खोली उघडली, आणि वहिनी बरोबर आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दारात क्षणभर उभ्या राहून त्यांनी सगळ्या फळ्या पाहिल्या, पदर खोचला आणि स्टूल ओढून बसल्या. त्या एकेक वस्तू उचलून हातात फिरवत आणि बोलत; सापडेभाऊ टाइप करत. हातमोज्याबद्दल त्या म्हणाल्या, ही बाई नखं खाते. चष्म्याबद्दल म्हणाल्या, हे काढून ठेवून कुणीतरी रडलंय, पुसायच्या नादात विसरलं. सापडेभाऊ मधूनच थांबून त्यांच्याकडे बघत, आणि त्या म्हणत, "लिहा की."

मग त्यांनी किल्ल्यांचा एक जुना जुडगा उचलला. चार किल्ल्या, एका सुतळीत. वजन पाहिल्यासारखा तळहातावर धरला.

"हे न्यायला कुणी येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी घर बदललं. नवं घर मोठं आहे."

"कशावरून?"

"असू दे ना मोठं. तुमचं काय जातंय?"

सापडेभाऊंनी दोन तिरक्या रेघा ओढल्या. नवं घर मोठं आहे, असं लिहिलं; आणि मग, वरिष्ठांची परवानगी न घेता, त्या घराला एक झोपाळा जोडून दिला.